मंगळवारची वाफ

कुर्किलाह्ती, १३ जानेवारी १९९३

राइली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. दचक. आठ वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही करून पाठवणारी थोरली बहीण एकदम चार पानं लिहिते म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत. जरा जास्तच ठणठणीत आहेत, आणि मला त्याचंच लिहायचंय. नाही, त्याचं नाही. मला एवढंच विचारायचंय, की आईचं तळ्याकाठचं खोपटं तू हल्ली कुणाला राहायला दिलंयस का? सहज विचारतेय. खोपटं तुझंच आहे. स्वीडनला जाऊन बसलेल्या मुलीला तळं, आणि इथे शेवटपर्यंत तिचे पाय चेपणाऱ्या मुलीला कपबशा, असं आईनेच लिहून ठेवलं, त्याबद्दल मी आता अवाक्षर काढणार नाही.

कारखाना सप्टेंबरअखेर बंद झाला हे तुझ्या वेस्तेरोसच्या पेपरातही आलं असेल. माझ्या ओइवाची एकतीस वर्षं त्या कागदाच्या यंत्रावर गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात माझेही तास कमी केलेत. तू विचारणार नाहीस, तरी सांगते, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओइवा अगदी नेहमीसारखा होता. खुर्चीत बसायचा, खिडकीबाहेर बघायचा, बोलायचा नाही. त्याच्यात काही बिघडलंय असं वाटावं असं एक लक्षण नव्हतं.

आणि आता, नाताळच्या जरा आधीपासून, गडी खुशीत आहे.

खुशीत म्हणजे शीळ घालतो. परवा मला खिडकीशी बोलावून म्हणाला, "हिल्क्का, बघ, कालच्यापेक्षा चार मिनिटं जास्त उजेड आहे." मी म्हटलं, "त्या चार मिनिटांचं काय लोणचं घालू?" तर हसला! जेवताना म्हणतो, "बटाटे छान उकडलेत." राइली, एकतीस वर्षांत या माणसाने माझ्या बटाट्यांकडे मान वर करून बघितलेलं नाही. गावातली निम्मी घरं तोंडात मारल्यासारखी बसलीत, आणि याला बटाटे छान लागतात. कुठेतरी पाणी मुरतंय.

काल मला ताप होता म्हणून शाळेतून बाराला घरी आले. हा नुकताच शिरत होता. केस ओले, गाल लालबुंद, अंगाला लाकडाच्या धुराचा आणि बर्चच्या पाल्याचा वास. आमच्या इमारतीचा सौना, वाफेची न्हाणी, तळघरात आहे, विजेवर चालतो, आमची पाळी शनिवारी सहा ते सात. काल मंगळवार होता. मंगळवारी सकाळी न्हाऊन आलेला नवरा कधी कुणी पाहिलाय?

"कुठे होतास?" म्हटलं.

"बाहेर."

"बाहेर न्हाणी बांधलीय का कुणी?"

"थंडी छान होती," म्हणाला, आणि मला मध घालून गरम दूध करून दिलं. त्या दुधानेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाकी काही विशेष नाही. खोपट्याचं तेवढं कळव.

हिल्क्का


कुर्किलाह्ती, २७ जानेवारी

राइली,

उत्तर नाही. स्वीडनचं टपाल इतकं मंद झालंय हे माहीत नव्हतं.

मी घरात बसून नाही राहिले. आधी डीप फ्रीझर उघडला. उन्हाळ्यात मी बर्चच्या डहाळ्यांच्या वीस जुड्या बांधून ठेवते, दर शनिवारी सौनात अंगावर मारायला एक काढते, ते तुला आठवत असेल. मागच्या शनिवारी दहा उरल्या होत्या. आत्ताही दहाच. म्हणजे मंगळवारी त्याच्या अंगाला जो पाला लागतो तो माझ्या घरचा नाही. नवऱ्याला दुसरीच कुणीतरी जुडी भिजवून देते.

काल पुन्हा मंगळवार. मी मुख्य स्वयंपाकिणीला सांगितलं की माझी दाढ ठणकतेय, आणि साडेअकरालाच घर गाठलं. हा आलाच ओल्या केसांनी. शर्ट काढून तारेवर टाकला, तेव्हा पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, एक पान चिकटलेलं दिसलं. मी पुढे होऊन उचललं.

"काय गं?" म्हणाला.

"धागा होता," म्हटलं.

ते पान माझ्यासमोर बशीत आहे. गोलसर आहे, देठाशी लव आहे, आणि वाळवलेलं आहे, गोठवलेलं नाही. गावात आणि कारखान्याच्या रस्त्याला टोकदार गुळगुळीत पानांचे बर्च आहेत. मऊ लवेचे फक्त दलदलीकडे, आईच्या खोपट्यामागे. तू दर जुलैत तिथे पंधरा दिवस येतेस, माझ्या दारावरून जातेस आणि माळ्यावर जुड्या वाळत घालून परत जातेस, हे मला कुणी सांगितलं नाही असं समजू नकोस. सहकारी दुकानात तू साखर घेतलीस तरी मला संध्याकाळपर्यंत कळतं.

तेव्हा सरळ विचारते. तू हे पत्र वेस्तेरोसच्या स्वयंपाकघरात वाचतेयस, की ते तिथे दाराआत पडलंय आणि तू इथे, माझ्यापासून सात किलोमीटरवर, चूल पेटवून बसलीयस?

हिल्क्का


कुर्किलाह्ती, १२ फेब्रुवारी

राइली,

ठीक आहे. गप्प बसणं हे पण उत्तरच असतं.

मला ते सगळं आठवतंय. एकसष्ट सालचा उन्हाळा, तळ्याकाठचा नाचाचा मांडव, आणि ओइवा सबंध जून तुझ्याबरोबर नाचला. मी कोटांच्या खोलीत उभी राहून बिल्ले देत होते. जुलैत तू म्हणालीस, "मला नको हा, बोलतच नाही, तू घे." घे! जणू उरलेलं वांगं होतं. मी घेतला. आणि तेव्हापासून एक गोष्ट मी कधी कुणाला बोलले नाही ती आज लिहिते, की तो माझ्याशी बोलत नसे तेव्हा मला बरं वाटायचं. म्हटलं, तुझ्याशीही नाही बोलला, माझ्याशीही नाही. हिशेब सारखा.

आता तो बोलायला लागलाय. आणि हे त्याला कुणीतरी शिकवलंय.

काल गुरुवार, वाटाण्याचं सूप. वाटी पुढे ओढली आणि म्हणतो, "हिल्क्का, आज तुझं काय चांगलं झालं?"

मी चमचा खाली ठेवला. "काय चांगलं व्हायचंय? कारखान्याला कुलूप. शाळेत सहाजणींचं काम चौघींवर. आमच्याच जिन्यावर राहणाऱ्या त्या म्हातारीने पुन्हा माझ्या वाळत घातलेल्या चादरी सरकवल्या. तुझा दात हलतोय."

"हो," म्हणाला. "पण त्यातलं चांगलं?"

"हे तुला कोण विचारायला शिकवतंय?"

राइली, तो लाल झाला. बावन्न वर्षांचा बाप्या, पोरीसारखा लाल. मग उठून वाट्या विसळायला लागला. स्वतःहून!

मी खूप मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. तो ऐकत राहिला, शेवटी एवढंच म्हणाला, "तुला घाबरवायचं नव्हतं." घाबरवायचं? म्हणजे घाबरावं असं काहीतरी आहे. मी रात्रभर त्या एका शब्दावर पडून होते.

मला तो हवाय, राइली. हे लिहायलाही माझा हात आखडतोय. बाकी सगळं गेलं तर जाऊ दे, मी शाळेतली भांडी घासून दोघांचं करीन. पण त्याला तू घेऊन गेलीस तर माझ्याकडे या गावात काय राहील? आईच्या कपबशा?

हिल्क्का


कुर्किलाह्ती, २६ फेब्रुवारी

राइली,

एक नवीनच भानगड.

सहकारी दुकानात गल्ल्यावर लेम्पी असते. तौनोची बायको. तौनो म्हणजे ओइवाच्याच यंत्रावरचा, त्याच्याच पाळीचा. आज मी यीस्ट घ्यायला गेले, तर ती आजूबाजूला बघून माझ्याकडे वाकली.

"हिल्क्का, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"मला हल्ली हसू येतच नाही."

"तौनो मंगळवारी न्हाऊन येतो."

माझ्या हातातून यीस्ट पडलं.

"शुक्रवारीही," ती म्हणाली. "आणि मला परवा म्हणाला, लेम्पी, तुझ्या हातांना दुकानातल्या संत्र्यांचा वास येतो. अगं, तीस वर्षं येतोय तो वास! आजच का सांगतोयस?"

"धुराचा वास?"

"धुराचा. आणि सॉसेजचा."

 मागे रांग लागली होती. लेम्पी हळूच म्हणाली, "दोघांना मिळून एकच?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला कमी समजू नकोस." हे मी म्हणायला नको होतं, पण म्हटलं, आणि तुला ते कळावं म्हणून लिहिते.

मंगळवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तळ्यावर बर्फ हातभर जाड आहे, पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून सरळ पलीकडे अर्ध्या-पाऊण तासात पोचू. लेम्पीने दुकानात सुट्टी सांगितलीय. मी दुसरी दाढ ठणकवणार आहे. तू तिथे असलीस तर अंगावर काहीतरी घालून बस.

हिल्क्का


कुर्किलाह्ती, ४ मार्च

राइली,

काल आणि परवा लिहू शकले नाही.

सगळं क्रमाने सांगते, मधे थांबले तर समजून घे.

मंगळवारी साडेनऊला निघालो. ऊन होतं, बर्फ घट्ट होता, गाडी आपोआप पळत होती. लेम्पी पुढे बसलेली, मी मागून ढकलत होते. आईच्या खोपट्याच्या धुराड्यातून धूर येताना लांबूनच दिसला. लेम्पी म्हणाली, "मी आत नाही येणार." मी म्हटलं, "मीच पहिली जाणार आहे."

लव्हाळ्याच्या बेटाला वळसा घातला आणि समोर सौनाचा ओटा. त्यावर ओळीने सात पुरुष. कमरेला टॉवेल, अंगातून वाफा निघताहेत, हातात सॉसेज. आमच्या कारखान्याची सकाळची पाळी जणू! आम्हाला बघून एकजण लाकडांच्या ढिगामागे उडाला, त्याचा टॉवेल ओट्यावरच राहिला.

ओइवा उभा राहिला. सॉसेज मागे लपवलं. आणि पहिलं वाक्य काय म्हणाला असेल?

"हिल्क्का, आज पुरुषांचा वार आहे."

"कुठंय ती?" मी ओरडले.

"कोण?"

"राइली!"

 मी सरळ आत घुसले, सौनात, कपडे बदलायच्या खोलीत, खोपट्यात, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. तुझ्या उन्हाळ्याच्या चपला, मासिकांचा गठ्ठा, आईचा विणलेला गालिचा. तू नव्हतीस. बाईचा एक केससुद्धा नव्हता. दाराला मात्र नवं कुलूप होतं, आणि किल्ली ओइवाच्या गळ्यात दोरीला.

बाहेर आले तेव्हा लेम्पी तौनोच्या अंगावर कोट टाकत होती आणि त्याला शिव्या देत होती. "तापलेल्या अंगाने उभा काय राहतोस, मरशील!"  मी ओट्याच्या पायरीवर बसले. मला हसू यायला हवं होतं, सात ओले बाप्ये आणि त्यांचं सॉसेज. पण "तुला घाबरवायचं नव्हतं" हे डोक्यातून जाईना. सौनाला कोण घाबरतं?

परत येताना ओइवा आणि लेम्पी पुढे चालत होते. तौनो माझी गाडी ढकलत होता. अर्ध्या तळ्यावर आलो तेव्हा तो म्हणाला, "तो सांगणार नाही. मी सांगतो. मागे वळून बघू नकोस, मग मला जमणार नाही."

मी समोर बघत राहिले.

एकोणीस नोव्हेंबरला, गुरुवारी, तौनो खोपट्याच्या बाजूला सरपण बघायला आला होता. तळं नुकतंच गोठलं होतं, काठाशी दोन बोटं बर्फ, पुढे तेवढाही नाही. आणि लव्हाळ्याच्या पलीकडे, काठापासून बरंच आत, ओइवा उभा. गळ नाही, बर्फाला भोक पाडायचं हत्यार नाही. गळ्यात आकडे नाहीत. राइली, आकड्यांशिवाय इथलं पाच वर्षांचं पोरही बर्फावर पाऊल टाकत नाही, आत पडलं तर बाहेर चढून येता यावं म्हणून. त्याचे आकडे घरी खिळ्याला होते. तो हळूहळू पुढे चालत होता.

"मला काय ओरडावं कळेना," तौनो म्हणाला. "परत ये म्हटलं असतं तर तो आला नसता. नको म्हटलं असतं तर मला सगळं कळलंय हे त्याला कळलं असतं. तेव्हा मी ओरडलो, ओइवा, सौना तापलाय, पाणी टाकायला माणूस नाही!"

"तापला होता?"

"कसला तापतोय. बंद होता. तुझ्या बहिणीचं कुलूप होतं."

पण ओइवा थांबला. वळला. कुणाचा तरी सौना तापलाय आणि पाणी टाकायला माणूस नाही, एवढं ऐकल्यावर आपल्याकडचा पुरुष जातोच, तो कुठेही निघालेला असो. पोटावर झोपून, सरपटत, तो काठापर्यंत आला. तोवर तौनोने कुऱ्हाडीने कुलूप फोडलं होतं आणि थंडगार भट्टीत लाकडं कोंबत होता. ओइवाने ते बघितलं.  तोही लाकडं आणायला लागला.

दोन तासांनी भट्टीवरचे दगड तापले. दोघे बाकावर बसले. तौनोच्या हातात दगडांवर पाणी टाकून वाफ काढायचा डाव, आणि त्याला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाला, "आज झालेलं एक चांगलं सांग. मग पाणी टाकतो. नाहीतर नाही." ओइवा गप्प. पाऊण तास दोघे तसेच कोरड्या उष्णतेत बसले. तौनोने पाणी टाकलं नाही. दगड निवायला लागले.

मग ओइवा म्हणाला, "हिल्क्काच्या सूपात आज मोहरी जास्त झाली होती. नाकात गेली. क्षणभर जागा झालो."

तौनोने पाणी टाकलं.

तेव्हापासून तोच नियम. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाळी सुरू व्हायच्या वेळेला. आधी दोघे, मग तीन, आता सात. प्रत्येकाने एक सांगायचं, कालचं चाललं तर कालचं, खोटं चालणार नाही, मग डावभर पाणी. "सुरुवातीला लोक काहीच्या काही सांगायचे," तौनो म्हणाला. "बूट सुकले. बस वेळेवर आली. ओइवाचं मात्र ठरलेलं. त्याचं तुझंच असतं. हिल्क्का झोपेत भांडली. हिल्क्काने म्हातारीच्या चादरी परत सरकवल्या. आम्ही म्हणतो, अरे, दुसरं सांग की! तर म्हणतो, दुसरं अजून शोधतोय."

मी मागे वळून बघितलं नाही. तौनोने तसं बजावलं होतं, आणि मला तोंड दाखवायचं नव्हतं.

राइली, एकोणीस नोव्हेंबरला तो संध्याकाळी सहाला घरी आला तेव्हा मी टीव्हीसमोर होते. म्हटलं, "बूट बाहेर काढ." त्याच्या अंगाला तेव्हाही धुराचा वास असणार. मी वास घेतला नाही. दोन महिने माणूस खुर्चीत बसून विझत होता आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गप्प नवरा म्हणजे ठाकठीक नवरा. तो हसायला लागला तेव्हा मी तपासाला लागले. जुड्या मोजल्या, पान बशीत ठेवलं, दाढा ठणकवल्या. सगळा संशय मी त्याच्या आनंदावर खर्च केला, आणि जेव्हा घ्यायला हवा होता तेव्हा माझ्याकडे संशयाचा कणही नव्हता.

घरी आल्यावर विचारलं, "मासे पकडायला गेला होतास ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाला.

 त्याने कॉफी केली.

एक अजून उरलंय. नवं कुलूप. किल्ली. ती त्याला कुणी दिली?

हिल्क्का


कुर्किलाह्ती, १७ मार्च

राइली,

तुझं पत्र आलं. एक पान. आठ वर्षांनी एक पान, तू पण आईसारखीच.

मी ते तीनदा वाचलं, पहिल्या दोनदा फक्त खोट शोधायला. तू लिहितेस की ओइवाने डिसेंबरात पत्र पाठवलं, कुलूप फोडल्याबद्दल माफी मागितली आणि का फोडलं ते चार ओळीत लिहिलं, आणि तू दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आणि त्याच्या दोनपैकी एक किल्ली पार्सलने पाठवलीस. "त्याने मला शपथ घातली होती की हिल्क्काला सांगू नकोस, ती घाबरेल. तुझी पत्रं येत गेली. तुला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिता येत नव्हतं, म्हणून गप्प बसले. तू मला वाटेल ते म्हण. तू माझ्यावर चिडलेली होतीस, त्यामुळे तुझं लक्ष त्याच्यावर होतं. मला तेवढं पुरे होतं."

हे मी कसं घ्यायचं? मी तुला चोर म्हटलं, तू ऐकून घेतलंस. मला अजून वाटतंय यात काहीतरी असणार. नाचाच्या मांडवाचं तू काहीच लिहिलं नाहीस. चार ओळी लिहिल्या म्हणतेस, त्या चारच होत्या का? बघ, माझी खोड जात नाही. काल तो कचरा टाकायला गेला आणि आठ मिनिटं आला नाही, तर मी चपलांवर जिना उतरले. जिन्यावरच्या म्हातारीशी बोलत उभा होता. मला बघून त्याला कळलं. तो माझा हात धरून वर आला.

त्याला सोमवारी गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बाहेर बसले. अर्धा तास आत होता. बाहेर येऊन म्हणाला, "पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलंय. बरी आहे बाई. जास्त बोलत नाही." आता दर सोमवारी जायचं आहे.

रागाचं म्हणशील तर मी त्याच्यावर रागावलेय. तौनोला सांगतो, तुला लिहितो, सहा बाप्यांपुढे माझं झोपेतलं भांडण काढतो, आणि मला नाही! मी हे त्याला बोलले. म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू रोज माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस." मी म्हटलं, "आता बघतेच आहे." म्हणाला, "हो. पण आता मी पण बघतोय."

दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तेवढं सांग.

हिल्क्का


कुर्किलाह्ती, २६ मार्च

राइली,

दुसरी किल्ली काल लेम्पीने माझ्यापुढे धरली. तू ती तिच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलीस, वर "बायकांसाठी" अशी चिठ्ठी. माझ्या नावावर का नाही पाठवलीस? मी परत पाठवली असती म्हणून? पाठवली असती.

तर गुरुवार बायकांचा. काल पहिला. मी, लेम्पी, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून काढलेल्या दोघी, आणि जिन्यावरची म्हातारी. हो, तीच. ओइवाला या किल्लीचं तौनोकडून आधीच कळलं होतं, आणि त्याने तिला त्या आठ मिनिटांत बोलावून ठेवलं होतं, मला न विचारता. ती वरच्या बाकावर बसली, ऐंशी वर्षांची, आणि म्हणाली, "माझ्या शेजारी कुणी बसलं तर चालेल, चादरी वाळत घातलेल्या नाहीत." मला बसावं लागलं.

नियम पुरुषांचाच ठेवलाय. लेम्पीच्या हातात डाव. एकीने सांगितलं, मुलीचा फोन आला. दुसरीने सांगितलं, पावाचं पीठ छान फुगलं. म्हातारीने सांगितलं की सकाळी उठली. एवढंच. लेम्पीने प्रत्येकीला पाणी टाकलं. मग माझी पाळी.

मला काही सुचेना. अगं, मी आयुष्यभर काय बिघडलं ते शोधलं, मला त्यातच गती आहे. दगड तडतडत होते. चौघी वाट बघत होत्या, घाम गळत होता. तुझ्या सौनात, तुझ्या बाकावर, आणि मी दगडासारखी. तुझ्या नावाने बोटं मोडता आली असती तर लगेच बोलले असते.

"सांग गं, काहीही," लेम्पी म्हणाली.

"आज सकाळी ओइवाने कॉफी सांडली," मी म्हटलं. "टेबलावर, माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर, पार जमिनीपर्यंत."

प्रयोगशाळेतल्या दोघी हसल्या. म्हातारी म्हणाली, "तक्रारी नकोत, बाई. चांगलं सांगायचंय."

"तेच सांगतेय," मी म्हटलं. "कॉफी सांडायला तो घरात होता."

 म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लेम्पी डाव तसाच धरून बसली होती, पाणी तिच्याच पायावर सांडत होतं.

"टाक आता," मी म्हटलं, "निवतील दगड."

हिल्क्का